तुर्की कलाकार, लोककला आणि परंपरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्किश सिरीयल्सचं वेड सगळीकडे पसरल्यापासून ओळखीपाळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच काय ते लिहून ठेवू. उत्तरं एका मापाची नाहीत, जिथे बोलायला मजा येते तिथे मी जास्त बोललेय. नावं तिकडच्या उच्चाराच्या जितकी जवळ नेता आली तितकी नेलीत.

प्र. सिरीयल्स बघून झाल्या. आता खरी तुर्की कला कुठून सुरू करू?

सझ हे लांब मानेचं तंतुवाद्य वाजवणाऱ्या लोकगायकांपासून. बॉस्फरसच्या काठचे बंगले, श्रीमंत मुलगा, गरीब मुलगी, दोन दोन तासांचे एपिसोड हे सगळं ठीकच आहे, पण त्या देशाचा गळा अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातल्या गावांमध्ये आहे. दोन नावं लिहून घ्या, आशिक वेसेल आणि नेशेत एर्ताश. यूट्यूबवर दोघांचंही भरपूर सापडतं. पहिल्यांदा जरा कोरडं वाटेल कारण मागे ऑर्केस्ट्रा वगैरे काही नाही, एक माणूस नि एक वाद्य, बास. तरी दोन-तीन गाणी नेटाने ऐका.

प्र. आशिक म्हणजे नक्की कोण?

स्वतःची कवनं रचून सझवर गाणारे लोककवी. गावोगाव फिरायचं, लग्नात, जत्रेत, चहाच्या हॉटेलात गायचं आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. विद्या गुरूच्या मागे मागे फिरून मिळते, पण खरा आशिक व्हायचा तर स्वप्नात एखादा पीर येऊन प्याला पाजून जावा लागतो अशी जुनी समजूत आहे. कार्स, एर्झुरुम या पूर्वेकडच्या भागात ही परंपरा अजून जोरात आहे, २००९ साली युनेस्कोच्या यादीतही गेली.

यातला सगळ्यात भारी प्रकार म्हणजे दोन आशिकांची जुगलबंदी. यमक प्रेक्षकांनी द्यायचं, मग एकाने टोमणा मारायचा, दुसऱ्याने त्याच यमकात परतवायचा, आणि जो अडकला तो हरला. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचा सामना ज्यांनी ऐकलाय त्यांना हे लगेच कळेल. पण एक गोष्ट तिकडचीच. गाणाऱ्याने दोन ओठांमध्ये उभी टाचणी धरायची आणि तशीच कडवी रचत जायची. म्हणजे ज्या अक्षरांना ओठ मिटतात किंवा दाताला लागतात, ब, प, म, व, फ, त्यातलं एकही तोंडातून येता कामा नये, आलं की टाचणी टोचली. आणि हे पाठ केलेलं नसतं, समोरच्याला जागच्या जागी उत्तर देत असतात. करून बघा, टाचणी नको, नुसतं ब-प-म टाळून एक वाक्य बोलून दाखवा घरी.

प्र. आशिक वेसेलचं एवढं काय?

वेसेलचा जन्म १८९४ चा, सिवास प्रांतातल्या सिव्रिआलान गावातला. देवीच्या साथीत दोन बहिणी आधीच गेल्या होत्या, सातव्या वर्षी यालाही देवी आल्या आणि एक डोळा गेला, दुसरा पुढे अपघातात. पोराचं मन रमावं म्हणून बापाने सझ आणून दिली. बरीच वर्षं तो दुसऱ्यांचीच गाणी म्हणायचा. १९३१ मध्ये सिवासला लोककवींचा मेळावा भरला, तो भरवणारे कवी-शिक्षक आहमेत कुत्सी तेजेर यांनी त्याला हेरलं आणि तिथून त्याचं नाव व्हायला लागलं.

१९३३ मध्ये प्रजासत्ताकाला दहा वर्षं झाली तेव्हा त्याने प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याच्यावर कवन रचलं, आणि ते स्वतः ऐकवायचं म्हणून एका मित्राचा हात धरून गावाहून अंकाराला चालत निघाला. भर हिवाळ्यात, जवळजवळ तीन महिने. अंकाराला पोचला तर अतातुर्कची भेट काही झाली नाही. वर आणखी म्हणजे सझची तार घ्यायला बाजारात निघाले तर पोलिसांनी अडवलं, कारण अंगावर खेडवळ कपडे, पायात गावठी वहाणा, आणि नव्या चकचकीत राजधानीत असले लोक दिसलेले चालत नव्हते. ज्या देशाचं गुणगान गायला आंधळा माणूस तीन महिने चालत आला त्या देशाच्या बाजारात त्याला घेतलं नाही. पुढे मात्र त्याच सरकारने त्याला ग्रामीण शिक्षक घडवणाऱ्या शाळांमध्ये सझ शिकवायला नेमलं, १९६५ मध्ये संसदेने महिना पगार बांधून दिला, आणि ५० वी पुण्यतिथी म्हणून २०२३ हे वर्षच त्याच्या नावाने साजरं केलं. हा नमुना लक्षात ठेवा, पुढे सारखा भेटणार आहे.

त्याची पहिली बायको घरातल्या गड्याबरोबर पळून गेली. सांगतात की वेसेलला आधीच कुणकुण लागली होती, आणि वाटेत तिचे हाल होऊ नयेत म्हणून त्याने तिच्या पायमोज्यात पैसे लपवून ठेवले होते. खरं-खोटं देव जाणे, पण तुर्कस्तानात ही गोष्ट लहान पोरांनाही माहीत असते. २१ मार्च १९७३ ला तो गेला. गाण्यांत माती, वाट, मरण हेच फिरून फिरून येतं, पण रडका सूर नाही. गावात त्याने फळबाग लावली होती, तिथली झाडं बोटांनी चाचपून ओळखायचा म्हणतात.

प्र. आणि नेशेत एर्ताश?

माझा सगळ्यात लाडका, त्यामुळे नि:पक्षपाती उत्तराची अपेक्षा करू नका. १९३८ चा जन्म, किरशेहिर प्रांत, अब्दाल समाज. हे लोक पिढ्यानपिढ्या लग्नात वाजवणारे. लग्न त्यांच्याशिवाय होत नाही, पण त्यांना मुलगी कोणी देत नाही, अशी त्यांची गत. बाप मुहर्रेम एर्ताश हा बोझलाकचा उस्ताद. बोझलाक म्हणजे ताल न धरता, वरच्या पट्टीत सुरुवात करून हळूहळू खाली उतरत येणारी आर्त हाक. नेशेत लहानपणी बापाबरोबर लग्नांमध्ये वाजवत हिंडला, पुढे रेडिओवर आला, नाव झालं, आणि मग बोटांना लकवा मारला. उपचारासाठी जर्मनीला गेला आणि वीसेक वर्षं तिकडेच राहिला. इकडे लोक त्याची गाणी गात होते, आणि कित्येकांना वाटायचं ही पारंपरिक आहेत, रचणारा कधीच वारला असेल. २००० साली इस्तंबूलला परत येऊन गायला तेव्हा लोक वेडे झाले.

सरकारने 'राज्य कलाकार' ही पदवी देऊ केली तर त्याने नको म्हटलं. म्हणणं असं की आपण सगळेच या राज्याचे कलाकार, वेगळी पदवी घेतली तर भेदभाव होतो. २०१२ मध्ये गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला किरशेहिरला बापाच्या पायाशी पुरलं.

प्र. सझ आणि बाग्लामा एकच का?

साधारण हो, रोजच्या बोलण्यात दोन्ही चालतं. तुतीच्या लाकडाचं पोट, लांब मान, तीन गटांत सात तारा. पडदे बांधलेले असतात, ठोकलेले नाहीत, म्हणून सरकवता येतात आणि पियानोच्या दोन पट्ट्यांमधले स्वरही मिळतात. नखी पूर्वी चेरीच्या झाडाच्या सालीची करायचे, आता प्लॅस्टिकची. काही वादक नखी न घेता नुसत्या बोटांनी वाजवतात, ते बघायला फार छान वाटतं. अलेवी या तिकडच्या मुसलमान पंथात तर सझशिवाय उपासनाच नाही, आणि त्यांच्या सेमाह नृत्यात बाया-पुरुष एकत्र फिरतात.

प्र. पांढरे घागरे घालून गोल फिरणारे ते दरवेश, तो डान्स असतो का?

नाही, आणि तिकडे कोणाला डान्स म्हणालात तर तोंड वाकडं करतील. त्याला सेमा म्हणतात, मेव्लेवी, म्हणजे सूफी कवी रूमीला मानणाऱ्या दरवेशांची ती उपासना आहे. उंच तपकिरी टोपी म्हणजे अहंकाराच्या थडग्यावरचा दगड, पांढरा झगा म्हणजे कफन, वरचा काळा डगला म्हणजे कबर. सुरुवातीला स्तवन, मग बासरीसारख्या नेयचं एकट्याचं वादन, मग शेखसमोर वाकून नमस्कार करत तीन फेऱ्या, आणि मग डगला खाली टाकून फिरायला सुरुवात. छातीवर दुमडलेले हात हळूहळू उघडतात, उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे, वरून घ्यायचं नि खाली देऊन टाकायचं. असे चार टप्पे असतात.

चक्कर कशी येत नाही हा पुढचा प्रश्न नेहमी येतोच. तालीम. शिकाऊ माणसाला लाकडी फळीवर उभं करतात, फळीच्या मधोमध खिळा, तो डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडायचा, पाय सोलवटू नये आणि सरकावा म्हणून फळीवर मीठ टाकायचं, आणि त्या खिळ्याभोवती फिरत राहायचं. डावा पाय जागचा हलत नाही, उजवा ढकलत राहतो. जुन्या काळी तर १००१ दिवस मठाच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्यापासून सगळी सेवा केल्याशिवाय दरवेश होता यायचं नाही.

१९२५ मध्ये कायदा करून सगळे दरवेशी मठ बंद केले. कोन्या शहरातला, रूमीची कबर असलेला मुख्य मठ दोन वर्षांत म्युझियम झाला, जे लोक काल तिथे फिरत होते त्यांनी घरात दार लावून फिरायचं. १९५० च्या दशकात कोन्याला पुन्हा जाहीर सेमा सुरू झाली, पण 'सांस्कृतिक कार्यक्रम' या नावाखाली. कायदा आजही रद्द झालेला नाही. तोच देश आता विमानतळावरच्या पोस्टरवर दरवेश छापतो.

हॉटेलात जेवताना जो फिरून दाखवतात तो प्रकार टाळा असं माझं स्पष्ट मत. मागे कबाब, पुढे कफन, बरं नाही वाटत ते.

प्र. रूमी तुर्की होता का?

मौलाना रूमी जन्माने बल्ख भागातला, लिहिलं फारसीत, आयुष्य गेलं कोन्यात, वारला कोन्यातच १७ डिसेंबर १२७३ ला. अफगाणी, इराणी, तुर्की तिघंही आमचा म्हणतात, म्हणोत बापडे. इन्स्टाग्रामवर त्याच्या नावाने फिरणारी निम्मी वाक्यं त्याची नसतात एवढं मात्र ध्यानात ठेवा.

प्र. कारागोझ काय असतं? लहान मुलांचा खेळ का?

आज मुलांना दाखवतात, पण मूळचा तो चावट, खवचट, मोठ्यांचा खेळ. पांढऱ्या पडद्यामागे दिवा आणि चामड्याच्या रंगीत बाहुल्या. कारागोझ म्हणजे अडाणी, भुकेला, तोंडाळ माणूस, कायम बेकार. हाजिवात म्हणजे शिकलेला, गोड बोलणारा, जड जड शब्द वापरणारा. हाजिवात गात गात येतो, आळवून आळवून एक सोबती मागतो, कारागोझ वरून उडी मारून त्याला बडवतो, आणि मग अर्धा तास एकाने बोललेलं दुसऱ्याने उलटं ऐकायचं. त्यांच्या गल्लीत सगळं ऑटोमन इस्तंबूल राहतं, छेलेबी नावाचा छानछोकी तरुण, नखरेल बाया, अफूबाज म्हातारा, काळ्या समुद्राकाठचा बडबड्या लाझ, बढाईखोर इराणी व्यापारी, नशेत तलवार उपसणारा गुंड. प्रत्येकाची बोली वेगळी, आणि सगळे आवाज एकटाच माणूस काढतो. मदतीला एक सहाय्यक, तो डफ वाजवतो आणि बाहुल्या हातात देतो.

बाहुली करायची पद्धत बघण्यासारखी आहे. उंटाचं कातडं चांगलं, कारण ते खरवडून पातळ केलं की काचेसारखा उजेड आरपार जातो आणि दिव्याच्या उबेने लवकर वाकडंही होत नाही. त्यावर आकृती काढायची, छोट्या टोकदार सुरीने नक्षी कोरायची, दोन्ही बाजूंनी रंग भरायचा, मग हात-पाय-कंबर असे तुकडे आतड्याच्या दोरीने सांध्याला ओवायचे. काठी खोचायला भोक ठेवायचं. कारागोझची टोपी अशी जोडलेली असते की फटका बसला की मागे पडते आणि टक्कल उघडं पडतं, प्रेक्षक दरवेळी तितकेच हसतात.

दंतकथा अशी की बुर्साला सुलतान ओरहानच्या काळात मशीद बांधताना हे दोघे मजूर होते, त्यांचे विनोद ऐकत बाकीचे काम सोडून बसायचे, बांधकाम रखडलं, सुलतानाने दोघांना मारलं आणि नंतर पस्तावला. रमझानच्या रात्री इफ्तारनंतर कॉफीहाऊसमध्ये रोज नवा खेळ व्हायचा. एकोणिसाव्या शतकात राजकारणावर फार बोलायला लागले तेव्हा सेन्सॉरने जीभ छाटली, आणि खेळ मुळमुळीत व्हायला तिथूनच सुरुवात झाली असं मला वाटतं. ग्रीकांचाही स्वतःचा असाच खेळ आहे, त्यामुळे हा मूळचा कोणाचा यावरून दोघांची भांडणं चालू असतात.

प्र. स्टेजवर बायका कधी आल्या?

हा प्रश्न कोणी विचारला की मी आधी आफिफे जालेचं नाव घेते. ऑटोमन काळात मुसलमान बाईने रंगमंचावर यायचं नाही असा दंडक होता, स्त्री भूमिका अर्मेनियन नट्या करायच्या. १९१८ मध्ये इस्तंबूलच्या नगरपालिकेच्या नाट्यशाळेने पाच मुसलमान मुलींना शिकायला घेतलं, पण काम द्यायचं धाडस नव्हतं. १९२० मध्ये एक अर्मेनियन नटी परदेशी निघून गेली आणि कादिकॉयच्या अपोलोन थिएटरात तिच्या जागी आफिफे उभी राहिली. जाले हे तिचं रंगभूमीवरचं नाव. वय अठराच्या आसपास.

पुढच्या खेळांना पोलीस आले. सहकाऱ्यांनी तिला मागच्या दाराने पळवलं. असं काही वेळा झालं आणि शेवटी १९२१ मध्ये हुकूमच आला की मुसलमान बाया स्टेजवर दिसता कामा नयेत, तिला काढून टाकलं. भयंकर डोकं दुखायचं, त्यावर डॉक्टरने मॉर्फिन दिलं, आणि ते सुटलंच नाही. १९२३ ला प्रजासत्ताक आलं, बंदी उठली, बेदिया मुवाह्हित इझमीरला अतातुर्कसमोर सन्मानाने स्टेजवर आली. आफिफेसाठी मात्र उशीर झाला होता. संगीतकार सेलाहत्तिन पिनारशी लग्न झालं, टिकलं नाही. १९४१ मध्ये बाकिरकॉयच्या मनोरुग्णालयात गेली ती. १९९७ पासून तुर्की रंगभूमीचे मोठे पुरस्कार तिच्या नावाने देतात, त्या रात्री सगळे नटूनथटून येतात.

प्र. झेकी म्युरेन कोण? फोटो बघून चक्रावलो.

चक्रावायलाच हवं. बुर्साचा, १९३१ चा, चित्रकला-डिझाईन शिकलेला, १९५१ मध्ये रेडिओवर पहिल्यांदा गायला आणि देशाने रेडिओला कान लावले. शास्त्रोक्त तुर्की गाणं, इतके स्वच्छ उच्चार की लोक भाषा शिकायला त्याची गाणी ऐकायचे. आणि स्टेजवर काय, तर चमचमते झगे, मोठ्या टाचांचे बूट, अंगठ्या, मेकअप, कधी चक्क मिनी स्कर्ट. कपडे स्वतःच डिझाईन करायचा, प्रेक्षकांच्या मधून जाता यावं म्हणून स्टेजला टी आकाराचा पट्टा काढून घेतला. सनातनी घरातल्या आज्यासुद्धा त्याच्या भक्त, आणि सगळे त्याला पाशा म्हणायचे. २४ सप्टेंबर १९९६ ला इझमीरच्या सरकारी टीव्ही स्टुडिओत त्याचा सत्कार होता, १९५१ च्या पहिल्या प्रक्षेपणातला मायक्रोफोन त्याला भेट दिला, आणि तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. सगळी मालमत्ता एका शिक्षण संस्थेला आणि सैनिकांच्या संस्थेला देऊन ठेवली होती.

लोक खूप मोकळ्या मनाचे होते असा अर्थ लगेच काढू नका. गायिका ब्युलेन्त एर्सोयने १९८१ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया केली तर लष्करी सरकारने तिला स्टेजबंदी केली, ती १९८८ पर्यंत. झेकीने कधी काही उघड बोललं नाही आणि लोकांनी विचारलं नाही, असा तो करार होता.

प्र. मला रॉक आवडतं. काही आहे का?

आहे का काय विचारता! १९६०-७० च्या दशकांत पोरांनी गावाकडची गाणी घेतली आणि गिटार-ड्रम्सवर चढवली. एर्किन कोरायने तर बाग्लामाला वीज जोडली. बारिश मान्चो, लांब केस, मिशा, दहा बोटांत अंगठ्या, १९८८ पासून टीव्हीवर लहानथोरांसाठी जगभर फिरून कार्यक्रम करायचा, १९९९ मध्ये गेला तेव्हा अख्खा देश रडला. जेम काराजाचा आवाज म्हणजे ढगांचा गडगडाट. १९८० च्या लष्करी उठावानंतर तो जर्मनीत अडकला, १९८३ मध्ये नागरिकत्व काढून घेतलं, १९८७ मध्ये परत येता आलं. सेल्दा बाजान या बाईला गाण्यांसाठी तुरुंगात टाकलं, पासपोर्ट जप्त केला. २००९ मध्ये मॉस डेफ नावाच्या अमेरिकन रॅपरने तिच्या जुन्या गाण्याचा तुकडा वापरला आणि नव्या पिढीला एकदम ती सापडली. सुरुवात सेल्दापासून करा, आवाज मोठा ठेवून.

प्र. हे सगळे 'तुर्क'च आहेत का?

नाहीत, आणि हे समजल्याशिवाय त्या कलेची गंमत कळत नाही. ऑटोमन दरबारी संगीत लिहून ठेवायची जी स्वरलिपी शंभर वर्षं चालली ती हाम्पार्सुम नावाच्या अर्मेनियन माणसाची. जगभरचे ड्रमर ज्या झिल्जियान झांजा वाजवतात त्यांचा पहिला कारागीर सतराव्या शतकातल्या इस्तंबूलचा अर्मेनियन. जेम काराजाची आई अर्मेनियन नटी, बाप अझरबैजानी नट. थ्रेसमधली, म्हणजे तुर्कस्तानच्या युरोपातल्या भागातली ९/८ तालातली क्लॅरिनेट, जी ऐकून खुर्चीत बसवत नाही, ती रोमा (जिप्सी) लोकांची.

कुर्दी कलाकारांचं तर विचारूच नका. फेब्रुवारी १९९९ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात आहमेत काया म्हणाला की मी कुर्दी भाषेत गाणं करणार आहे, तर समोर बसलेल्या नामवंतांनी त्याच्यावर काटे-चमचे फेकले. खटले लागले, तो फ्रान्सला गेला, पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये वारला. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मरणोत्तर मोठा पुरस्कार. कवी नाझिम हिकमेतचं नागरिकत्व १९५१ मध्ये काढलं ते २००९ मध्ये परत दिलं, तो १९६३ मध्येच मॉस्कोत गेला होता. म्हणजे हयातीत हाकलायचं आणि मेल्यावर डोक्यावर घ्यायचं, ही तिकडची सगळ्यात पक्की परंपरा आहे असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते टोचतं.

आणि २ जुलै १९९३. सिवासमध्ये अलेवी कवीच्या नावाने भरलेल्या उत्सवाला आलेले लोक ज्या हॉटेलात उतरले होते ते जमावाने पेटवलं. ३३ कवी, गायक, लेखक, तरुण नर्तक आणि हॉटेलचे दोन कर्मचारी गेले. बावीस वर्षांचा सझवादक हास्रेत ग्युल्तेकिन त्यातच गेला. दोन्ही हातांच्या बोटांनी सझ कशी वाजते ते त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐका.

प्र. पाण्यावर चित्र काढतात ते एब्रू घरी करता येईल का?

येईल, पण पसारा खूप. साधं पाणी चालत नाही, त्यात झाडाचा डिंक किंवा समुद्रशेवाळाची पूड भिजवून घट्टसर करायचं. रंग खनिज मातीचे, दगडावर घोटलेले, आणि त्यात बैलाचं पित्त. पित्तामुळेच रंग बुडत नाही, पसरतो, आणि एक दुसऱ्यात मिसळतही नाही. गुलाबाच्या काठीला घोड्याचे केस बांधलेला ब्रश बोटावर आपटत थेंब शिंपडायचे, सुईने ओढून ट्यूलिप काढायचा, वर कागद अलगद टेकवायचा आणि ट्रेच्या कडेवरून घासत ओढून घ्यायचा. एक पाणी, एक चित्र, दुसरी कॉपी निघत नाही. पित्त कमी-जास्त झालं की सगळा चिखल. मुलांबरोबर करायचं असेल तर तयार किट घ्या.

प्र. अंगाला तेल लावून कुस्ती खेळतात ते कुठे?

एदिर्नेला, किर्कपिनारची कुस्ती, जूनच्या शेवटी किंवा जुलैत. ६०० हून जास्त वर्षांची परंपरा सांगतात. कातड्याची घट्ट विजार, डोक्यापासून पायापर्यंत ऑलिव्हचं तेल, ढोल-सनई, आणि पैलवानांची ओळख काव्यात करून देणारा पुकारेवाला, तो मला पैलवानांपेक्षा जास्त आवडतो. सलग तीन वर्षं जिंकला की सोन्याचा पट्टा कायमचा त्याचा.

प्र. मॉलमधला तो आईस्क्रीमवाला जो कोन देऊन परत काढून घेतो?

मूळ माराश शहराचा प्रकार. जंगली ऑर्किडच्या कंदाची पूड असते त्यात, म्हणून ते चिवट होतं आणि लवकर वितळत नाही. नाटक बघायला छान, एकदाच.

प्र. आपल्याशी काही जुनं नातं?

राज कपूर! 'आवारा' १९५० च्या दशकात तिकडे तुफान चालला, त्याचं शीर्षकगीत तुर्कीत गायलं गेलं आणि १९६४ मध्ये तर अख्खा तुर्की रिमेक निघाला, सादरी आलिशिक आणि आज्दा पेक्कान यांचा. उलट बाजूने २०१५ मध्ये झिंदगी चॅनेलवर 'फेरिहा' हिंदीत आली आणि हे सिरीयलवेड सुरू झालं. त्याहून जुनं हवं असेल तर विजापूरची मुलूखमैदान तोफ बघा, सिंहाच्या जबड्याची. ती १५४९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरला ओतली, निजामशाहीच्या चाकरीतल्या मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्की कारागिराने.

प्र. गाणी समजत नाहीत, ऐकायला काही टिप?

तिकडच्या रागपद्धतीला मकाम म्हणतात. हिजाझ मकाम ऐका, कोमल रे आणि शुद्ध ग लागोपाठ आले की भैरवाची आठवण येईल, फक्त स्वर थोडे इकडेतिकडे सरकलेले. ताल नसलेला तक्सिम आधी येतो, आलापासारखा. नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा मोजा, लगेच सापडतं. १९३४ मध्ये सरकारने पाश्चात्त्य व्हायच्या नादात रेडिओवर तुर्की शास्त्रीय संगीतच बंद करून टाकलं होतं, दोनेक वर्षं, तर लोकांनी काय केलं, कैरो रेडिओ लावला.

प्र. जायचं तर कधी, कुठे?

सेमा बघायची तर कोन्याला ७ ते १७ डिसेंबर, रूमीची पुण्यतिथी, तिला ते लग्नाची रात्र म्हणतात. हॉटेलं महिनोनमहिने आधी भरतात. तेव्हा जमत नसेल तर इस्तंबूलला गलाता मेव्लेवीहानेसी आहे, जुना मठ, आता म्युझियम. बुर्साला कारागोझ म्युझियम, इस्तंबूलच्या मोदा भागात बारिश मान्चोचं घर, बोद्रुमला झेकी म्युरेनचं, त्यात त्याचे झगे मांडलेत. इस्तंबूललाच कादंबरीकार ओरहान पामुकचं 'मासुमियेत म्युझेसी' (निरागसतेचं म्युझियम) बघायचं तर त्याची त्याच नावाची कादंबरी बरोबर न्या, आत छापलेल्या तिकिटावर शिक्का मारून एकाला फुकट सोडतात. मे महिन्याच्या ५-६ तारखांना हिदिरेल्लेझ, म्हणजे वसंताचा सण, तेव्हा एदिर्नेला रोमा लोकांचा जल्लोष असतो, आगीवरून उड्या वगैरे.

कोन्याला डिसेंबरात थंडी मरणाची, जाड जॅकेट आणि पायमोजे घेऊन जा. सेमा चालू असताना टाळ्या वाजवायच्या नाहीत, फ्लॅश मारायचा नाही, मधेच उठायचं नाही. कार्यक्रम कुराणपठणाने संपतो, शेख आणि दरवेश बाहेर जाईपर्यंत बसून राहा, मग निघा.